सगळे निघाले होते

…हिरवा काठ नको म्हणता? बरं, दुसरी साडी काढतो — बसा की अक्का, घाई काय आहे. ती फूलवाली वेणूबाई आत्ता मला हात जोडून का गेली, विचारत होता ना? सांगतो. आमच्या दाजीबानपेठेतल्या दुकानदारांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. मागं हमाल तुकाराम लॉरीखाली सापडला, तेव्हा ग्रुपवर आलं, रक्त पाहिजे. सकाळभर सगळ्यांनी वाचलं, बोललं कुणी नाही — मला तर सर्दी होती. मग समोरच्या भांडीवाल्या जयतीर्थांनी लिहिलं, 'निघालो'. झालं, अख्खी पेठ धावली. मीही गेलो — शेजारचा प्रभंजन चाललेला, आपण बसून कसं राहायचं? दवाखान्यानं निम्म्यांना परत पाठवलं, एवढी गर्दी.

पुढं दिवाळीच्या तोंडावर वेणूबाईचं ऑपरेशन. पुन्हा रक्त. आणि जयतीर्थ कुठं? तिरुपतीला. ग्रुप गप्प. तिची सून रूपा इथं पायरीवर येऊन उभी — 'अण्णा, कुणीतरी चला हो.' मला राहवलं नाही. म्हटलं, एकानं सुरुवात केली की बाकीचे जातातच. लिहिलं, 'निघालो'.

काय सांगू तुम्हाला — प्रभंजन 'निघालो', मिठाईवाला 'निघालो', ज्यानं कधी चहा पाजला नाही तोही 'निघालो'. माझा ऊर भरून आला. आता एवढे जण चाललेत म्हटल्यावर मी कशाला गर्दी करायची? त्यात सणाचं गिऱ्हाईक. संध्याकाळी रूपाचा फोन — अण्णा, कुठवर आलात, अजून कुणीच पोचलं नाही. दारातून डोकावलो, तर जो तो आपापल्या गादीवर. प्रभंजन मलाच विचारतो, लवकर आलास रे परत?

शेवटी शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचा भाऊ, अळणावरकडचा कुणी, त्यानं दिलं. तो ग्रुपवर नव्हता ना — कोण चाललंय, कोण नाही, त्याला काय ठाऊक. वाचली बाई. आम्ही सगळे निघालो होतो, एवढंच तिला कळलंय. सुनेनं पुढचं तिला सांगितलं नाही — रोज आमच्याच पायऱ्यांवर फुलं घेऊन बसायचं असतं त्यांना.

रविवारी व्यापारी संघात माझा सत्कार आहे, पहिला निघालो म्हणून. मी नको म्हणणार होतो, पण प्रभंजन म्हणाला, मग मी घेतो… असं काय बघताय? तुम्ही गेला असता?

गेले असते म्हणे. साडी घ्यायची नसेल तर सरका जरा, मागं माणसं उभी आहेत.