मान मोडत न्हाय

न्हाय, पावणं, मान मोडत न्हाय मी. दाढी म्हणा, डोकं चोळून द्या म्हणा — मान न्हाय. गेल्या खेपंला मोडली? मोडली आसंल की! वीस वर्षं मोडत आलोय — कडाकडा आवाज ऐकल्याबिगर ह्या खुर्चीतनं माणूस उठत न्हवता. आता बंद. का म्हणून काय इचारता? बसा सरळ, साबण लावतो.

हितं — डोस्क्याच्या आन मानंच्या सांध्यात, आत — अंगठ्याएवढं मेंदूचं देठ हाय. आमची निशिगंधा दहावीला हाय, ती मस्तिष्कपुच्छ म्हणती. झोपंत तुमचा श्वास कोण घेतंय? तुमी? तुमी तर घोरताय! ते घेतंय. काळजाचा ठोका, घास गिळणं, ठसका — सगळं तेच बगतंय. त्याला रगात न्हेणाऱ्या शिरा मानंच्या मणक्यातनंच वर जात्यात. डॉक्टर म्हणाला — बीपी सांभाळा, तंबाखू सोडा, आन मानंला हिसका दिऊ नका. शीर आतनं फाटती. कुठला डॉक्टर? आवो, दवाखान्यात गेलतो — आमचं दोस्त, कोडोलीचं हंबीरराव, तिथं पडल्यात. उचकी लागली ती थांबंना. मग गरगराय लागलं, आवाज बसला, पाणी पाजलं तर नाकातनं भाईर आलं. कुठं म्हंजे? हितंच, ह्याच खुर्चीत — न्हाय, न्हाय, पायरीवर. पायरीवरनं घसरलं, आसं सांगितलंय मी त्यांच्या शालूवैनीस्नी.

बगू नका आसं. डावीकडं वाजली हो, उजवीकडं वाजंना. त्ये म्हणलं, आसू दे. पर आमच्या बाचा नेम — आवाज आल्याबिगर मान सोडायची न्हाय. दोनदा केलं. तिसऱ्यांदा जोर लावला. वाजली.

डॉक्टरनं इचारलं, मानंला हिसका बसला का? खरं कळलं तर इलाज नेमका करता येईल म्हणाला. वैनी माझ्या तोंडाकडं बगत हुत्या. मी न्हाय म्हणलं. काल सांजच्याला. तवाधरनं नाकातल्या नळीनं पाणी चाललंय, आन मी हितं दाढ्या करतोय. लई भ्या वाटतंय, पावणं. त्यो माणूस मरंल ह्याचं भ्या, आन वाचला तर बोलंल ह्याचंबी — थू माझ्या जिनगानीवर!

फोन... वैनींचाच हाय. न्हाय उचलत. वाजू दे. — न्हाय, थांबा.

वैनी, तुमी आधी काय बोलू नका. डॉक्टरच्या हातात फोन द्या. आत्ताच्या आत्ता द्या.

पावणं, उठा. एक गाल ऱ्हायलाय, दिसतंय मला. तोंड पुसा आन जावा.