ठिणगीची सुट्टी

गिऱ्हाईक मशीन परत करायला निघालं की मी काय करतो, विचारता? मिश्राजींचं ऐका.

सरोजिनी नगरात ते बादल्यांचे साचे बनवत. तेलात बुडवलेलं पोलाद विजेच्या ठिणग्यांनी कोरणारं स्पार्क मशीन मीच त्यांना विकलं होतं. महिन्यात फोन आला, "पाटील साहब, मशीन उठा ले जाइए. साँचा जला दिया!"

जाऊन बघतो तर दोन ठिणग्यांमधला थांबा त्यांनी जवळजवळ शून्यावर आणलेला.

"बीच में खाली क्यों बैठे? काम जल्दी होगा," म्हणाले.

मी म्हटलं, "मिश्राजी, उसी छुट्टी में तेल कचरा बहा ले जाता है. छुट्टी काटेंगे तो काम जलेगा ही."

थांबा वाढवला, साचा स्वच्छ निघाला. मशीन वाचलं, मीही सुटलो.

इतक्यात त्यांचा ऑपरेटर रशीद अदबीनं म्हणाला, "हुज़ूर, चिनगारी को हर बार छुट्टी, और हमें इतवार भी नहीं?"



पुढच्या सोमवारी पुन्हा फोन. मी धसकलोच.

"मशीन ठीक है," मिश्राजी म्हणाले, "पर कल पूरा कारखाना बंद था. सच बताइए, आपने हमें मशीन बेची थी या यूनियन?"