कडा हाताने घासणे

हॅलो?

हॅलो… लेन्स वर्कशॉप, बोला.

ठेवू नकोस, ताई.

अगं, कळतं. बोलली नाहीस तरी कळतं. मागे टोकन पुकारतायत, एकशे बारा, एकशे तेरा. दवाखान्याच्या नोंदणीच्या खिडकीवरून रोज बरोब्बर चारला आम्हाला दुसरं कोण फोन करणार? मी हॅलो म्हटलं की तू ठेवतेस. सतरा दिवस चाललंय. कधीतरी लेन्सचा भाव तरी विचार, बरं दिसतं.

…हो, हो… नाही, चिडलेलो नाही. मी कधी चिडलोय? तुझ्या भावाला विचार.

…बरं, नको विचारूस.

अगं ऐक ना. त्याची कागदपत्रं काढून ठेवलीत मी. सर्टिफिकेटं, जन्माचा दाखला, बँकेचं पासबुक. सगळं एका पिशवीत घालून वर गाठ मारलीय. तुला हवी होती ना? माझ्या पुतण्याकडे निरोप ठेवलास, मला थेट सांगितलं असतंस तर मी काय नाही म्हणणार होतो?

…खरंच देतोय. त्यात काय एवढं.

…पोस्टाने नको. हरवलं की खापर माझ्या डोक्यावर. तुझ्या घरी आणून देतो… नाही? बरं, घरी नको. भाऊजींना अजून काही सांगितलेलं नाहीस तू, मला माहितेय. त्यांच्या मते मेव्हणा कंपनीच्या कामाला बाहेरगावी. असू दे. मी कशाला तुमच्यात बिब्बा घालू?

…धमकी? काहीतरीच काय तुझं. आठ वर्षं ओळखतेस मला. तुझ्या चष्म्याच्या काचा कोणी बदलून दिल्या? एक पैसा घेतला का? मग.

…मशीन? बंद केलंय. तुझ्याशी बोलायला मिळतंय, त्यात ती घरघर कशाला?

एक सांग फक्त. जेवतो का? झोपेत दात खातो तो, माहितेय ना तुला. मी खांद्यावर हात ठेवला की थांबायचा. तिथे कोण ठेवतं?

…नको सांगूस. माझंच चुकलं विचारलं ते.

…हो, न्यायचो. त्याचा चष्मा रोज सकाळी कामावर न्यायचो. पुसायचो, स्क्रू आवळायचो, संध्याकाळी परत. सहा वर्षं, हो. मी कुठे नाकारतोय? तू ते असं काही सांगतेस, की ऐकणाऱ्याला वाटावं मी त्याला साखळीने बांधून ठेवला होता. दाराला बाहेरून कधी कडी घातली नाही मी. एकदाही नाही. आणि सुरुवात कोणी केली? तोच म्हणाला होता, आज मला कुठे जायचं नाहीये, घेऊन जा, जरा नीट करून आण. एकदाच म्हणाला. मग रोज काय विचारायचं?

…असेल, नसेल दिसत. उजवा मायनस साडेपंधरा, डावा मायनस बारा. चष्म्याशिवाय त्याला जिन्याच्या पायऱ्या म्हणजे नुसता उतार. मला शिकवतेस?

तू दुपारी आलीस आणि त्याला हाताला धरून तीन मजले उतरवलंस. खालच्या बाईने सांगितलं. चपला उलट्या घातल्या होत्या म्हणे त्याने, आणि तू त्याला लहान मुलासारख्या पायऱ्या मोजून देत होतीस. संध्याकाळी मी आलो. चष्मा साबणाने धुतला, पुसला, टेबलावर ठेवला, हाक मारली. परत मारली. ताई, मी त्या टेबलाला धरून रडलो गं. शप्पथ. रात्रभर बसून होतो. नळ गळत होता, तेवढाच आवाज.

…तुझं बरोबर आहे. हो. तू बहीण आहेस, तू करणारच.

…सोडला. सोडला म्हणतो ना. त्याला सुखी राहायचंय तर राहू दे. मला एवढंच… थांब हं, एक मिनिट…

बसा काकू. दांडी सैल झालीय? द्या इकडे. आत्ता देतो.

…हां, बोल ताई.

…कोण काकू म्हणजे? आहेत एक. दांडी सैल झालीय त्यांची.

…हो. वर्कशॉपला गिऱ्हाईक येत नाही. बरोबर. हुशार आहेस, मी तुझ्या भावाला नेहमी सांगायचो, ताईला दोन शब्द कमी बोललेले बरे.

…नाही. वर्कशॉपला नाहीये. फोन मोबाईलवर वळवून घेतलाय, आज तिसरा दिवस.

…सांगतो ना. ओरडू नकोस, खिडकीसमोर माणसं असतील. तू त्याला ठेवलंयस ना, त्या खोलीच्या गल्लीच्या तोंडाशी चष्म्याचं दुकान आहे बघ, हिरव्या दाराचं. तिथे आहे. काउंटरच्या आत.

…ठेव ना. ठेव फोन, लाव घरमालकिणीला. चार वाजून अठरा मिनिटं झालीत.

…हो, ते पण माहितेय. मी फोन उचलला नाही, म्हणजे मी वर्कशॉपला नाही. मग तू घरमालकिणीला कळवतेस आणि तो खोलीतच राहतो. उचलला, तर सव्वाचारला तो निघतो, भिंतीला हात लावत, गल्लीच्या तोंडापर्यंत, नवा चष्मा आला का विचारायला. छान योजना होती गं. परवा मी मुद्दाम उचलला नाही. समोरच्या बाकावर बसलो होतो, तासभर. दार उघडलं नाही. काल उचलला, त्याच बाकावरून. सव्वाचारला बाहेर आला. तुझ्या त्या पांढऱ्या चपला त्याच्या पायात. माझ्यापासून चार हातांवरून गेला.

…रस्त्यात? छे. रस्त्यात हात धरला असता तर तू म्हणाली असतीस, ओढून नेला. मला तसा नकोय तो. त्याने स्वतःहून यायला पाहिजे.

…सांगतेयस का शेजारच्या मुलीला, दुसऱ्या फोनवरून लाव म्हणून? लावू दे. मी थांबतो. नंबर नीट सांग तिला, घाईत चुकेल.

काकू, हे बघा, बसली घट्ट. नाही हो, पैसे कसले, स्क्रूच आवळला… पाऊण तासाने येतील मालक. घरी जेवायला गेलेत, आज उशीर झाला त्यांना. मी? मी त्यांच्या काचा घासतो. मोठा नंबर आहे, मीच बसवून देतो म्हटलं, खूश झाले बिचारे.

…काय म्हणाली घरमालकीण?

…निघाला. हं. किती वेळ झाला?… मग येईलच. साठ पावलं आहेत, पण भिंत संपते तिथे तो थांबतो जरा.

…पोलिसांना सांग की. काय सांगशील? दुकानात एक माणूस दुसऱ्याला चष्मा देतोय, लवकर या?

…तुझ्यामुळे नाही. तू काही चुकली नाहीस गं. नाव भाऊजींचं दिलंस, पत्ता दिला नाहीस, गावातलं सगळ्यात लहान दुकान निवडलंस. पण लहान दुकान आणि एवढा मोठा नंबर, म्हणजे काच आमच्याकडेच येणार. दुसरं कोणी घासतच नाही. चिठ्ठी माझ्या टेबलावर पडली तेव्हा मी नाव वाचलंच नाही. साडेपंधरा आणि बारा वाचलं आणि खुर्चीत बसलो.

…तेवढ्यावरून नाही. तेवढ्यावरून खात्री नसती झाली. असतो एखादा दुसरा. ताई, खाली शेरा होता. वाचू? खिशातच आहे. "कडा हाताने घासणे. उजवी जरा जास्त."

…अगं, तुला नाही कळणार. जाड काचेच्या कडा मशीनवर कापल्या की पांढऱ्या दिसतात, गोल गोल कडी दिसतात. त्याला लाज वाटायची त्याची. मी हाताने घासायचो, दोन दोन संध्याकाळी, पातळ करत करत. उजवी जास्त, कारण तिथे नाकाशी टोचायचं. हे जगात कोणी करत नाही. मी करतो, आणि त्याला माहितेय. तू बाहेर उभी राहून घरी फोन करत होतीस ना, तेव्हा त्याने दुकानदाराला सांगितलं. मालकच म्हणाले मला, त्या गिऱ्हाइकाने दोनदा वाचून घेतलं म्हणे, लिहिलंत का, लिहिलंत का.

…खोटं कशाला बोलू?

…सवय? हो. सवयीने सांगितलं असेल. मग मी दुसरं काय म्हणतोय? मी सवयच म्हणतोय.

…बाबांना? बाबांना सांगणार तू? ते येतील त्याला न्यायला?

…ताई, बाबांना आलेलं ते पत्र मीच टाकलं होतं. आता काय लपवायचं. त्याचं-माझं काय आहे ते सगळं लिहून, खाली सही न करता. घराचं दार बंद झालं की तो माझ्याकडेच येणार होता, आला. एक बॅग घेऊन.

…माहितेय त्याला. मीच सांगितलं, तिसऱ्या वर्षी. दोन दिवस जेवला नाही, माझ्याकडे पाठ करून झोपला. तिसऱ्या दिवशी जेवला. म्हणजे काय ते तूच समज.

…शिव्या दे. दे, मोकळी हो. राक्षस म्हण, काय वाटेल ते म्हण. मला तो पाहिजे, ताई. बस्स. त्याच्यावाचून मला काही सुचत नाही, मी काचा उलट्या बसवल्या या आठवड्यात दोनदा. तुला नवरा आहे, नोकरी आहे. मला काय आहे?

थांब. शू…

आला.

दाराची चौकट चाचपतोय. किती वाळलाय गं. तुम्ही खायला घालता की नाही त्याला? आणि हा शर्ट भाऊजींचा आहे ना, बाहीतून दोन हात जातील. काकू, जरा वाट द्या त्यांना. हां.

…कुजबुजतोय म्हणजे काय, मोठ्याने बोललो तर ओळखेल. काउंटर सापडला. चिठ्ठी काढतोय खिशातून. माझ्याकडेच बघतोय, पण त्याला मी म्हणजे नुसता एक डाग.

बसा.

…ओळखलं. आवाज ओळखला, ताई. हात तसाच राहिला, चिठ्ठी धरलेला.

…घालतोय डोळ्यांवर. थांब रे, धक्का देऊ नकोस, दांडी कानावर नीट बसू दे… झालं. दिसतंय का रे? टोचत नाही ना?

…हो, हो, देतो त्याला फोन. मी कशाला अडवू? घे रे. ताई आहे. घे, बोल.

…घेत नाही, ताई.

स्पीकरवर टाकतो. ऐकू येईल त्याला. सांग काय सांगायचं ते.

…ऐकतोय. सगळं ऐकतोय. पळ म्हणतेस, कुठे पळायचं तेही सांग. दार उघडं आहे, मी काउंटरच्या आत, मधे एवढी रुंद फळी. मी हलतसुद्धा नाही. काकू, तुम्ही कशाला घाबरता, घरातलं बोलणं आहे. जा तुम्ही.

…जोरात ओरडलीस तरी तेच, ताई. तो काय बहिरा आहे?

…त्याने दाराकडे बघितलं. बघितलं, मी खोटं नाही सांगणार. मोठा रस्ता दिसत असेल त्याला, आता सगळं स्पष्ट दिसतंय ना, समोरच्या पाट्यासुद्धा वाचता येतील. तुझी खोली कुठे, तुझी बस कुठे लागते, सगळं दिसतंय.

…नाही. उभा आहे. बोट फिरवतोय काचेच्या कडेवरून.

…माझं नाव घेऊन काय शाप द्यायचे ते दे, पण त्याला रडवू नकोस. नवीन चष्मा आहे.

…थांब, थांब. काहीतरी बोलतोय. काय रे? नीट बोल, ताई पण ऐकतेय.

…ताई, ऐकलंस का? नाही ऐकू आलं? तो विचारतोय, घरी दूध आहे का, का वाटेत घ्यायचं.

…ताई? अगं…

नाहीये रे, संपलंय. घेऊ वाटेत. चल.