शून्याच्या पुढं दोन घरं

आबा: ही वह्या-जर्नलं कुणाची म्हणालीस?

क्रांती: अकरावीच्या मुलांची, आबा. द्या इकडे. उद्या सकाळी तुम्हाला ॲडमिट व्हायचंय, पिशवी भरा तुमची.

आबा: भरली की. हर्नियाचं ऑपरेशन हाय, दिल्लीला न्हाय चाललो. हे बघ. गोळ्याचा व्यास दोन पॉइंट पन्नास. खाली पन्नास. परत पन्नास.

क्रांती: प्रयोगातला गोळा तेवढाच आहे.

आबा: गोळा आसंल. तुमचं मापायचं व्हर्नियर तसलं न्हाय. तुझ्या कॉलेजची चारी व्हर्नियर मीच बघून दिल्ती. जबडा मिटला तरी सरकपट्टीची रेघ शून्यावर येत न्हाय, दोन घरं पुढंच ऱ्हातोय. मग वाचन बावन्न यायला पायजे, आन् त्यातनं दोन वजा. हितं तर शून्याची चूक ‘नाही’ म्हणून लिवलंय.

क्रांती: सगळ्यांनीच तसं लिहिलंय.

आबा: तेच म्हंतोय. चाळीस वर्सं लेथवर काढली. खरं मोजलं की आकडा जरा हलतोय. ह्यातल्या एकानं बी व्हर्नियरला हात लावल्याला न्हाय.

क्रांती: साठ मुलं, चार व्हर्नियर, एक तास. कसं मोजणार? आणि जर्नल तर पूर्ण लागतं.

आबा: मग ‘मोजलं न्हाय’ म्हणून लिव्हा की.

क्रांती: असं लिहायला रकाना नसतो, आबा.

आबा: आन् ही खाली सही कुणाची?

क्रांती: भाकरी गार होतेय.

आबा: सही कुणाची, इचारलं मी.

क्रांती: आधी जेवा. ऑपरेशन होऊ दे, मग भांडू.

[नऊ दिवसांनी, सकाळी. दवाखान्यातलं नोंदींचं टेबल. समोर वॉर्डाच्या सिस्टर, दीप्ती.]

दीप्ती: वडिलांचे कागद मिळाले न्हवं, मॅडम? हितं सही करा.

क्रांती: करते. हा तक्ता तुम्ही भरलात?

दीप्ती: व्हय. त्या दिवशी ड्यूटी माझीच होती.

क्रांती: ऑपरेशननंतर, दहाला बीपी एकशेवीस-ऐंशी. अकराला तेच. बाराला तेच. एकला, दोनला, तीनला.

दीप्ती: नॉर्मल होतं.

क्रांती: पोटात रक्त साचत होतं. मागच्या पानावर डॉक्टरांनीच लिहिलंय. दोन वाजता मी तुम्हाला सांगायला आले होते, आबांचा हात गार लागतोय म्हणून. तुम्ही हा कागद दाखवलात. मी कागद बघितला आणि गप्प बसले. आबांकडे बघितलं नाही, कागदाकडे बघितलं.

दीप्ती: मॅडम, ज्याची वेळ आली...

क्रांती: चारचं वाचन वाचा.

दीप्ती: एकशेवीस-ऐंशी.

क्रांती: आबा पावणेचारला गेले.

दीप्ती: तो कागद द्या इकडं.

क्रांती: आधीच भरून ठेवलं होतंत.

दीप्ती: बेचाळीस पेशंट, मी एकटी, मशीन एक. तुम्हीच सांगा कसं मोजायचं. रकाना मोकळा राहिला की बोलणी मला बसतात.

क्रांती: मग ‘मोजलं नाही’ असं लिहायचं. दोन शब्द. ते वाचून मी डॉक्टरांना हाताला धरून आणलं असतं.

दीप्ती: असं लिहायला रकाना कुठं असतोय?

क्रांती: पेन द्या.

दीप्ती: तक्रार करणार तुम्ही?

क्रांती: करणार. ज्यांनी बेचाळिसांना एक बाई नेमली, त्यांची आधी. मग तुमची.

दीप्ती: करा. पण मघापासनं माझ्या सहीकडं काय बघताय?

क्रांती: घरी साठ जर्नलांवर अशीच सही आहे. आबांनी विचारलं होतं, कुणाची म्हणून. दोनदा विचारलं.

दीप्ती: मग? कुणाची?

क्रांती: माझी, आबा. न बघता केली.