पिवळ्याखालचा पिस्ता

सजावटवाली: ...नाही काकू, ऐका तरी. वरचा पिवळा नुसता पापुद्र्यासारखा सुटतोय. ऑइलपेंटवर डिस्टेंपर धरतच नाही, इतकी वर्षं टिकला हेच नवल. आणि खाली बघा कसला सुंदर पिस्ता रंग निघालाय! ओल्या फडक्यानं पुसला की लखलखतो. असा रंग आता मागून मिळत नाही.

मावशी: मिळत नसेल तर बरंच आहे. तुझा रंगारी जेवून आला की त्याला सांग, सामान आवर म्हणून. माझी भिंत पिवळी राहील.

सजावटवाली: पिवळी राहिलीय कुठे? अर्धी तर उघडी पडली.

लेक: मावशी, उद्या अकरा वाजता लोक घर बघायला येणार आहेत. तीन जिने तुझ्या गुडघ्यांना झेपत नाहीत, म्हणून तूच म्हणालीस ना विकूया? आज रंगाचा वास नको म्हणून माझ्याकडे झोपायला निघालीस. आता ऐन वेळी हे काय?

मावशी: तू मध्ये पडू नकोस. तुला काय, तुझ्या आईचा रंग वर आलाय. मनातल्या मनात गुदगुल्या होत असतील.

लेक: मी बोलले का काही?

मावशी: बोलत नाहीस तेच तर. अगदी बाबांवर गेलीस.

सजावटवाली: अय्या, म्हणजे या तुमच्या आई नव्हेत?

लेक: आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. अकराची झाले आणि बाबांनी दुसरं लग्न केलं. तेव्हापासून ही माझी मावशी.

मावशी: बत्तीस वर्षं. आणि त्या बत्तीस वर्षांत या घरात मी एकच गोष्ट स्वतःच्या मनानं केली. हे स्वयंपाकघर पिवळं केलं. दर दोन वर्षांनी त्याच रंगाचा हात मारत आले. हे गेल्यावरसुद्धा मारला. तेवढंच माझं होतं, आणि तेच तुम्ही आज पात्यानं खरवडून टाकलंत.

सजावटवाली: राग मानू नका काकू, पण माझं कामच ते आहे. विकायचं घर कुणाचं तरी आहे असं दिसता कामा नये. बघणाऱ्याला तिथे आपला पलंग, आपली पोरं दिसली पाहिजेत. म्हणून मी फोटो, कॅलेंडर, औषधांच्या बाटल्या आधी उचलते.

मावशी: औषधं खुशाल उचल. पण तू काय उचललंस आणि काय ठेवलंस, ते बघ ना जरा. माझी हिरवी खुर्ची नको, जुनाट दिसते. माझी क्रोशाची झाकणं नकोत, गिचमीड होते. टीपॉय नको, काचेची फुलदाणी नको. अकरा खोकी भरली, अकराच्या अकरा माझी! आणि ठेवलंस काय? शिसवी कपाट, खिडकीतलं बाकडं आणि तो मोठा आरसा. वर "काय नजर होती हो निवडणारीची!" सकाळपासून तीनदा म्हणालीस. मोजलंय मी.

सजावटवाली: अहो, मला वाटलं तुम्हीच निवडलंय. तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत होते!

मावशी: थोरलीचं आहे ते. माणूस जाऊन चौतीस वर्षं झाली तरी कौतुक तिचंच. पुसलं मी, झटकलं मी, दरवर्षी कपाटाला पॉलिश केलं मी, आणि नजर मात्र तिची!

लेक: मावशी, एक मिनिट...

मावशी: काय एक मिनिट? तुझ्यासाठीच जपलं मी ते. सावत्र आली आणि पहिलीचं सामान भंगारात घातलं, असं कुणी म्हणायला नको. आणि तुलाही ते डोळ्यांसमोर लागायचं. त्या बाकड्यावरून हलायची नाहीस.

लेक: दुसरीकडे वाचायला उजेड कुठे होता? मावशी, ते सामान आईचं नाही.

मावशी: म्हणजे?

लेक: आजीचं आहे. बाबांच्या आईचं. कपाट, बाकडं, आरसा, तिन्ही. तू यायच्या आदल्या वर्षी आजी गेली, म्हणून तुमची गाठ पडली नाही. आईला तर ते कपाट डोळ्यांसमोर नको असायचं. हत्ती म्हणायची त्याला. "हा हत्ती एकदा दाराबाहेर गेला की मी मोकळा श्वास घेईन."

मावशी: आणि हे तू मला आज सांगतेस?

लेक: मला वाटायचं, तुला आवडतं ते. वर्षातून एकदा पॉलिश, वर काडीला कापूस लावून नक्षीतली धूळ काढायचीस. म्हटलं, हिचा जीव आहे त्याच्यावर, आपण कशाला बोला.

मावशी: जीव! दात-ओठ खात घासायची मी ते. खांदे भरून यायचे.

सजावटवाली: म्हणजे एवढी वर्षं जिच्या सामानावर तुम्ही जळत होतात, ती तुमची सासू निघाली!

मावशी: फिदीफिदी हसू नकोस. आणि जळत कोण होतं?

सजावटवाली: बरं बाई, कुणीच नाही. रंगारी येईपर्यंत मी आपली न्हाणीघरातले नळ घासते.

(सजावटवाली आत जाते.)

मावशी: निदान एकदा तरी सांगायचंस गं.

लेक: कधी सांगू? आईचं नाव निघालं की तू उठून गॅसकडे जायचीस. गॅसवर काही नसलं तरी.

मावशी: मग तिचं असं या घरात होतं तरी काय?

लेक: हा रंग. एवढाच. बाबा दौऱ्यावर होते आणि आजी चार दिवस तिच्या बहिणीकडे गेली होती. तेवढ्यात आईनं डबा आणला आणि एकटीनं रंगवलं. केसांत रंग, नाकावर रंग. किती हसत होती त्या दिवशी.

मावशी: तिचा रंग आहे हे मला शेजारणीनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. पण त्याशिवाय तिचं काहीच नव्हतं, हे नव्हतं सांगितलं.

लेक: तिला तरी काय माहीत.

मावशी: मी पिवळा लावला ना, तर तुझे बाबा आठ दिवस इथे आत जेवले नाहीत. ताट उचलून बाहेरच्या खोलीत जाऊन बसायचे. बरं म्हणाले नाहीत, वाईट म्हणाले नाहीत. तेव्हाच मी काय ते समजले. यांच्या मनात अजून तीच आहे, आपण आपल्या पायरीनं राहावं. त्यानंतर मी या घरात खिळासुद्धा ठोकला नाही.

लेक: मावशी, आईनं पिस्ता लावला तेव्हाही ते बाहेरच जेवले.

मावशी: काय सांगतेस?

लेक: खरंच. ते आणि आजी बाहेर, मी आणि आई आत. त्यांना काहीही बदललेलं खपायचं नाही गं. नवा पेला पुढे ठेवला तर घरभर जुना शोधत फिरायचे, आठवत नाही? त्या वेळी तर चांगले दहा दिवस चाललं होतं.

मावशी: दहा?

लेक: दहा.

मावशी: म्हणजे तिच्यावर दोन दिवस जास्त रुसले. तिथेही तीच पुढे.

लेक: मावशी! आता यातसुद्धा?

मावशी: नाही गं, आपलं तोंडातून गेलं. काय माणूस तरी! इतकी वर्षं मी त्या गप्प बसण्याचा अर्थ लावत बसले. तळमळले, मनातल्या मनात तिच्याशी भांडले. आणि माणसाला नुसता नवा रंग सोसत नव्हता.

लेक: मला वाटायचं, तुला सगळं ठाऊक आहे. तुम्ही दोघं नवरा-बायको, मी कोण सांगणारी.

सजावटवाली: (परत येत) काकू, रंगारी जिना चढतोय. आता एकदाच काय ते सांगा. तुमचं मन दुखत असेल तर सगळं पांढरं मारून टाकते. पांढऱ्यानंही माझं काम भागतं.

मावशी: पांढरं नको. पांढरं मारलंस की तीही गेली आणि मीही.

सजावटवाली: मग पिवळा? डबा मिळेल की नाही, बघावं लागेल...

मावशी: पिवळा सगळा काढ.

लेक: मावशी, माझ्यासाठी म्हणून नको हं.

मावशी: तुझ्यासाठी कशाला? माझा पिवळा मी बत्तीस वर्षं पाहिला. तिला तिचा तीन वर्षंही मिळाला नाही. आणि अगं, रंगाऱ्याला सांग, पातं लावू नको. ओल्या फडक्यानं हळूहळू सोडव. हातानं लावलेला रंग आहे तो. उद्या लोक आले की भिंतीचं कर काय ते कौतुक, कपाटाचं पुरे झालं.

सजावटवाली: बरं बरं. तुम्ही निघा आता, मला फोटो काढायचेत.

लेक: चल मावशी, पिशवी दे इकडे. चष्मा घेतलास?

मावशी: घेतला. थांब जरा. ती उंच होती का गं? फोटोत बसलेलीच आहे, कळत नाही.

लेक: छे. तुझ्या खांद्याला लागली असती.

मावशी: मग छतापर्यंत हात कसा पोचला तिचा? मी एवढी ताडमाड, तरी त्या स्टुलावर मला धड उभं राहता येईना. दोनदा पडता पडता वाचले.

लेक: मी धरलं होतं स्टूल. सहा वर्षांची होते, पण दोन्ही हातांनी घट्ट.

मावशी: मी रंगवत होते तेव्हा तू या दारातच उभी होतीस.

लेक: होते.

मावशी: शाळेचा गणवेशसुद्धा बदलला नव्हतास.

लेक: स्टूल हलताना दिसत होतं मला. पण नाही आले पुढे. तू तिचा रंग झाकत होतीस.

मावशी: असू दे गं. मी तरी कुठे तुला हाक मारली.