वानखेडेभाऊंनी रंगवलेला तक्ता आणि माझी चूक

मंदाताई, प्राजक्ता, अमरावतीहून आलेले भाऊंचे थोरले बंधू, कारखान्यातले त्यांचे सोबती आणि आपल्या शनिवारच्या आधारगटातल्या माझ्या माणसांनो,

आज खुर्च्या कमी पडल्या. मागे कितीतरी जण भिंतीला टेकून उभे आहेत. एरवी विश्रांतवाडीच्या या हॉलमध्ये पंधरा डोकी जमली तरी मला सण वाटतो. भाऊ असते तर दारातूनच ओरडले असते, "बाई, चहा पुरत नाही!" आणि स्वतःच किटली घेऊन गेले असते.

मी बत्तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं. माइकसमोर मी कधी अडखळले नाही. रडणारी बाई तर मी मुळीच नाही, हवं तर माझ्या विद्यार्थ्यांना विचारा, रडवणारी म्हणून ते ओळखतात मला. आज मात्र कागद लिहून आणलाय, त्यातूनच वाचणार आहे. सांभाळून घ्या.

शोकसभेत गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलायची रीत आहे. भाऊंबद्दल चांगलं बोलणं सोपं आहे. परवा भाऊंच्या पत्नी, मंदाताई, माझ्या घरी आल्या. बसा म्हटलं, बसल्या नाहीत. चहा नको म्हणाल्या. उभ्याउभ्याच म्हणाल्या, "बाई, शनिवारी तुम्ही बोला. पण गोडगोड बोलू नका. जे झालं ते सांगा." म्हणून जे झालं ते सांगते.

आधी भाऊ आपल्याकडे कसे आले ते. सात वर्षांपूर्वी एका शनिवारी दारात एक उंच माणूस उभा. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, बगलेत जाडजूड फाइल. कारखान्यात फोरमन होते. छातीत धडधड व्हायची, हातपाय गार पडायचे, आत्ता मरतो असं वाटायचं. दवाखान्यात न्यावं तर कागदावर सगळं व्यवस्थित. सतरा डॉक्टर झाले होते. साहेब म्हणायचे, वानखेडे ओव्हरटाइम चुकवतोय. नातेवाइकांनी लिंबू उतरवून टाकलं. आणि भाऊ मला म्हणाले, "मले वेड लागलं असंन तर सांगून टाका बाई, घोर तरी जाईन."

मी म्हटलं, वेडबिड काही नाही. आपल्या प्रत्येकाच्या आत भीतीची एक घंटा असते. तुमची घंटा आग नसताना वाजते. याला चिंताविकार म्हणतात.

तर हा सहा फुटी माणूस खुर्चीत बसून रडायला लागला. म्हणाला, "नाव आहे याले? मंग दुसऱ्या कोणालेबी झालं असंन."

मंडळी, बत्तीस वर्षं मी तो धडा शिकवला, मानसिक विकारांचे मुख्य प्रकार. पण त्या प्रकारांचा उपयोग काय, हे मला भाऊंच्या त्या वाक्याने शिकवलं. नाव आहे म्हणजे तू एकटा नाहीस. पुढे मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्या सुरू झाल्या, गट होताच. सहा महिन्यांनी भाऊ एकटे बसने खडकवासल्याला जाऊन कणीस खाऊन आले आणि त्याचे पेढे वाटले. कणसाचे पेढे! आम्ही खाल्ले.

हा माझ्या मागचा तक्ता बघा. हा भाऊंनी रंगवलाय. कारखान्यात यंत्रांवर 'धोका' लिहिणारा हात, एक अक्षर वाकडं सापडायचं नाही. मजकूर माझा. सगळ्यात वर चिंताविकार. खाली मंत्रचळ. आपल्यातल्या एक ताई कडी लावली की नाही हे चौदा वेळा बघायला परत जायच्या, ते त्यातलं. मग भावस्थितीचे विकार. त्यात उदासीनता आली, जिच्यात दात घासायला उठणं म्हणजे सिंहगड चढणं. आणि द्विध्रुवी आजार आला, ज्यात माणूस एक महिना ढगात नि पुढचे दोन महिने पांघरुणात. त्याखाली छिन्नमनस्कता, जिथे दुसऱ्या कुणाला ऐकू न येणारे आवाज ऐकू येतात आणि ते अगदी खरे वाटतात. आघातानंतरचे विकार, व्यसनं, व्यक्तिमत्त्वाचे विकार. आणि सगळ्यात खाली ही एक रिकामी ओळ.

ती ओळ मी सांगितलेली नव्हती. मी चिडले होते. म्हटलं, "वानखेडे, हिशोब चुकला तुमचा. जागा उरली." ते म्हणाले, "चुकला नाही बाई. ठेवली. कोणी असा आला, जो कुठंच बसत नाही, तर त्याले काय उभं ठेवता?" मी म्हटलं, शास्त्रात असं नसतं. ते हसले आणि ब्रश धुवायला गेले.

आता आपल्या गटाची प्रथा. आज नवीन पाहुणे आहेत म्हणून सांगते. प्रत्येकाने उभं राहायचं, नाव सांगायचं आणि या तक्त्यातला आपला कप्पा सांगायचा. "मी वानखेडे, चिंता." "मी अमुक, मंत्रचळ." ही प्रथा माझी. लाज मोडायला काढली होती आणि लाज मोडली. रक्तदाब सांगावा तितक्या सहज माणसं छिन्नमनस्कता म्हणायला लागली. मला फार अभिमान होता त्याचा. अजूनही आहे.

पण हळूहळू काय झालं, हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही. आम्ही माणसाला कप्प्यानेच हाक मारायला लागलो. मंत्रचळवाल्या ताईंनी गॅस बंद आहे का विचारलं की आम्ही हसायचो. एकदा तो खरंच चालू होता. उदासवाल्या दादांना कंटाळा आला तर लगेच, गोळी घेतली का? अहो, भाषण कंटाळवाणं असू शकतं! माझंच होतं ते. आणि भाऊंच्या छातीत काहीही झालं, की चिंता.

दोन आठवड्यांपूर्वीचा शनिवार. पाच वाजले होते. हॉल तापलेला. भाऊ तिथे, त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. घाम आला होता, पण घाम सगळ्यांनाच आला होता. मला म्हणाले, "बाई, आज येगळंच वाटून राह्यलं."

मी म्हटलं, "वानखेडे, प्रत्येक वेळी वेगळंच वाटतं. हेच तर तुमच्या आजाराचं लक्षण."

सगळे हसले. भाऊही हसले. आणि सांगते मंडळी, वाक्य चुकीचं नाही. वर्गात सांगितलं असतं तर मुलांनी वहीत उतरून घेतलं असतं. शंभरातली नव्व्याण्णव माणसं असतात त्या वाक्यात. भाऊ त्या दिवशी त्या नव्व्याण्णवांत नव्हते.

मग म्हणाले, "जबडा दुखतो." मी म्हटलं, "दात आवळता तुम्ही. सैल सोडा." उत्तर तयारच होतं माझ्याकडे. मग मी त्यांना आपला नेहमीचा व्यायाम दिला. चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर. आकडे मोठ्याने मीच मोजले. वीस मिनिटं मोजले.

अजून एक सांगायचंय. हे मी मंदाताईंनाही सांगितलेलं नाही. भाऊंना चिंतेचा झटका आला की ते बोलत सुटायचे. थांबवावं लागायचं. त्या शनिवारी ते गप्प होते. दोन वाक्यं बोलले, बस. माझ्या ते लक्षात आलं होतं. आलं होतं, मंडळी! आणि मी गटाला म्हणाले, "बघा, सात वर्षांत भाऊ किती शांत राहायला शिकले." टाळ्या वाजवायला लावल्या. त्यांच्या छातीत काय चाललं होतं आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो.

साडेसहाला ते घरी गेले. मंदाताईंनी चेहरा बघितला आणि म्हणाल्या, चला दवाखान्यात. दोनदा म्हणाल्या. भाऊ म्हणाले, "बाईंनी सांगितलं ना, चिंता हाये. बाई चुकत नाही." आणि पलंगावर बसून आकडे मोजायला लागले. चार आत, सहा बाहेर. तासाभरात कोसळले. रुग्णालयात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. हृदयविकाराचा झटका.

बाई चुकत नाही! माझ्याबद्दल आजवर कुणी इतकं चांगलं बोललं नसेल. आणि ते मला जन्मभर पुरणार आहे.

मी त्या डॉक्टरांना जाऊन विचारलं, पाच वाजता आणलं असतं तर? ते म्हणाले, "मॅडम, तसं सांगता येत नाही." भला माणूस. पण मी बत्तीस वर्षं पेपर तपासलेत. टाळलेलं उत्तर मला ओळखू येतं.

मंदाताई, मी तुमची माफी मागत नाही. माफी मागितली की समोरच्याला ती द्यावी लागते, लोकांदेखत तर द्यावीच लागते. ते ओझं तुमच्यावर नको. चुकलं माझं. एवढंच म्हणते, आणि सगळ्यांसमोर म्हणते.

आता गटातल्या माझ्या माणसांशी बोलायचंय. बाकीच्यांनी जरा थांबा.

मंगळवारी तुमच्यातल्या एकाचा फोन आला. "बाई, तुमच्या तक्त्यावर भरवसा राहिला नाही. गोळ्या बंद करतोय. तो तक्ता फाडून टाका." राग कळला मला. तक्ता फाडायला मीही स्टुलावर चढले होते. हात लावला आणि ती फाइल आठवली. सतरा डॉक्टरांची फाइल, लिंबू, आणि "नाव आहे याले?" ते नाव नसतं तर भाऊंना ही सात वर्षं मिळाली नसती. लेकीच्या, प्राजक्ताच्या लग्नात नाचलेले भाऊ मिळाले नसते. मी खाली उतरले. तेव्हा कृपा करून, कुणीही गोळ्या बंद करायच्या नाहीत. माझ्यावर रागवा, हवं तर गट सोडा, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडायची नाही. माझ्या मूर्खपणाची शिक्षा स्वतःला देऊ नका.

आणि हिंजवडीला नोकरी करणारी आपली एक मुलगी, तिला विचारून सांगते. तिचाही कप्पा चिंता. बुधवारी ऑफिसात तिच्या छातीत दुखलं. कंपनीच्या बसमधून उतरली आणि सरळ दवाखान्यात गेली. तपासणी झाली, सगळं नीट निघालं. चिंताच होती. मला फोन करून म्हणते, "सॉरी बाई, उगाच पॅनिक झाले, चक्कर वाया गेली." वाया? अगं वेडे, अशा शंभर चकरा वाया जाऊ देत! भाऊंची एक वाया गेली असती तर आज ते तुझ्यासाठी चहा आणायला गेले असते.

चुकलं कुठे, याचा मी पंधरा दिवस विचार करतेय. कप्पे खोटे नव्हते. डॉक्टरांना ते लागतात, आपल्यालाही लागतात. पण ज्याला चिंताविकार आहे त्यालाही हृदय असतं. छिन्नमनस्कता असलेल्याचंही अपेंडिक्स दुखतं. इतकी साधी गोष्ट! शेंबड्या पोराला कळेल, मला कळली नाही. कारण माझ्याकडे उत्तर होतं. ज्याच्याकडे उत्तर तयार असतं, तो ऐकायचं थांबतो.

म्हणून पुढच्या शनिवारपासून प्रथा बदलते आहे. कप्पा सांगायचा की नाही, ही तुमची मर्जी. पण कुणी म्हणालं "आज वेगळं वाटतंय," की आपण कुणीही हुशारी करायची नाही. मी तर नाहीच. विचारायचं, काय वेगळं? कुठे? कधीपासून? आणि रिक्षा बोलवायची. तक्त्यातली ती शेवटची ओळ काल कुणीतरी म्हणालं, भाऊंच्या नावाने भरू या. मी नाही म्हटलं. ती त्यांनी मोकळी ठेवली होती, मोकळीच राहील.

आता आपण उठून दोन मिनिटं शांत उभे राहणार आहोत. उभं राहवत नसेल त्याने बसूनच राहावं. या हॉलमध्ये शांतता झाली की तुम्हाला सवयीने श्वास मोजावेसे वाटतील. चार आत, सहा बाहेर. आज मोजू नका. श्वास जसा येईल तसा येऊ द्या.

आणि या दोन मिनिटांत कुणाला काही झालं, छातीत, पोटात, मनात, कुठेही, तर शोकसभा आहे म्हणून गप्प बसू नका. बोला. ओरडा. शांतता मोडली तर मोडू दे. भाऊ माझ्या शब्दाखातर गप्प बसले होते.

चला, उठू या.