पाणी चावतंय, भाऊजी

नाही हो मॅडम, आज नाही भेटायच्या वहिनी. बाहेर गेल्यात. कुठे म्हणजे — बाहेर. माणूस जातंच की कुठे ना कुठे. तुम्ही बसा ना आधी. ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो, ही घ्या. पाणी? — नळाचं नको, थांबा, बाटली फोडतो. पाहुण्यांना आम्ही बाटलीचंच देतो. नळाचं वाईट आहे म्हणून नव्हे हो, लगेच लिहू नका! तुमचं बोट त्या टॅबलेटवर फिरायला लागलं की मी आधी काय बोललो ते आठवायला लागतो. मागच्या वेळचे साहेब बरे होते, त्यांना आपली भाषा यायची नाही. आम्ही हसायचो, ते हसायचे, झाली तपासणी. आता कंपनीनं मुद्दाम तुम्हाला पाठवलंय, आपली भाषा बोलणारी. म्हणजे काहीतरी वास आला असणार त्यांना. — नाही, नाही, मी आपलं गमतीनं म्हटलं.

सगळं दाखवतो ना, लपवायचंय काय त्यात. ही काळ्या रंगाची शेड, ही दादाची. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आणि पलीकडे ती निळीची पिंपं, ती वहिनींची. मी कागदवाला — म्हणजे पूर्वी कागद, आता स्क्रीन. पंचवीस वर्षं आम्ही तिघं हेच करतोय, कोरं कापड घ्यायचं, रंगवायचं, गावातल्या दुकानांना घालायचं. कुणी विचारलं नाही की बाबांनो, पाणी कुठून आणता, कुठे सोडता. मग तुमची परदेशातली कंपनी आली. म्हणाली, कापड सुंदर आहे, आमच्याकडे दहा शहरांत दुकानं आहेत, सगळीकडे लावू — पण दोन गोष्टी हव्यात. एक, पाणी बाहेर एक थेंब सोडायचं नाही, गाळून तेच परत वापरायचं. दुसरी, कापडाच्या प्रत्येक ताग्याला टॅग. गिऱ्हाइकानं फोन धरला की दिसलं पाहिजे, कुणी रंगवलं, कुठल्या पिंपात, किती पाण्यात. त्याला ते कापडाचा पासपोर्ट म्हणतात. वहिनी इतकी हसली होती! म्हणाली, भाऊजी, आपल्या तिघांत एकाकडे पासपोर्ट नाही, आणि या चिंधीला आहे.

ती फिल्म बघितली असेल ना तुम्ही? टॅगमधली? सगळ्यांनी बघितलीय. दोन माणसं कॅमेरा घेऊन आली होती. त्यांना काहीतरी वेगळं हवं होतं. वहिनी रोज सकाळी काय करायची, पिंपात बोट बुडवायची आणि जिभेला लावायची. तिच्या आईनं शिकवलेलं. निळीचं पाणी तयार झालं की नाही ते जिभेलाच कळतं, असं तिचं म्हणणं — जिभेला टोचलं पाहिजे, चावलं नाही पाहिजे. कॅमेरावाले वेडेच झाले. इतकं शुद्ध पाणी, की रंगवणारी बाई ते चाखते! बस, म्हणाले, हेच. पुन्हा करा. उजेड गेला, पुन्हा करा. आता हसून करा. अकरा वेळा — मी मोजलंय, अकरा वेळा तिनं बोट बुडवलं आणि तोंडात घातलं. शेवटच्या वेळी खोकली जरा. तेवढं त्यांनी कापलं.

काय बघताय? ते बूट? वहिनींचेच ते, रबरी. — हो. हो, कोळ्यानं जाळं केलंय आत. राहिलंय काढायचं. माणूस बाहेर गेलं की बूट पडून राहतात, त्यात काय — मॅडम, तुम्ही अशा गप्प नका ना बसू. बोला काहीतरी. तुम्ही गप्प बसलात की मीच बोलत सुटतो, ही माझी जुनी खोड आहे, वहिनी म्हणायची, भाऊजींना चोर बनवायचं असेल तर काही विचारू नका, नुसतं बघत बसा.

आठ महिने झाले. हो, गेली. बाहेर नाही, गेलीच. आता लिहा, लिहायचं तर.

माहीतच होतं ना तुम्हाला? मग विचारलंत कशाला, कुठायत म्हणून? — हो, टॅगवर गेल्या आठवड्याच्या मालालाही तिचंच नाव आहे. मीच घालतो. चार आकड्यांचा कोड आहे तिचा, तिच्या लक्षात राहायचा नाही म्हणून मला सांगून ठेवलेला. रोज सकाळी तिचा कोड दाबतो, स्क्रीनवर तिचा फोटो येतो आणि खाली येतं, सुप्रभात, आज तुम्ही किती मीटर रंगवणार? मी आकडा घालतो. काय करू? नाव बदलायचं तर नवीन फिल्म, नवीन पडताळणी, तीन महिने माल बंद. आणि दुकानांना तीच हवीय. नव्या देशातल्या दुकानात भिंतभर फोटो लावलाय तिचा, निळं बोट आणि हसरं तोंड. माल वाढला तशी माणसं घेतली, आता बावीस घरं आहेत या शेडवर, मॅडम. ती बावीस घरं एका मेलेल्या बाईच्या हातचं खातायत आणि तो हात मी हलवतोय. मला काय बरं वाटतं म्हणता?

संदेश येतात तिला. लोक कापड घेतात, फिल्म बघतात, दोन ओळी लिहितात. मशीन आपल्या भाषेत करून देतं. तुमच्या हातांना आराम मिळो, लिहिलं होतं एका आजींनी. एका बाईनं लिहिलं, माझ्या आईला शेवटी याच चादरीवर झोपवलं. मी उत्तरं देतो. तिच्या नावानं. आभारी आहे, लिहितो. परवा एका मुलीनं विचारलं, पाण्याची चव कशी असते हो? ते तसंच राहिलंय.

आणि हा नकाशा बघा, हा. जिथे कुणी टॅग स्कॅन करतं तिथे ठिपका येतो. हे सगळे तिकडचे, समुद्रापलीकडचे, भरपूर आहेत. आणि हा एक इकडचा, एकटा. तुमच्या कंपनीनं विचारलंही होतं, तुमच्याकडे कोण रोज स्कॅन करतंय, सकाळी दहा वेळा, संध्याकाळी दहा वेळा? मी लिहिलं, चाचणी चालू आहे. चाचणी कसली — दादा आहे तो. एक गजभर तुकडा ठेवलाय त्यानं उशाशी. फोन धरतो, ती येते, बोट बुडवते, हसते, जाते. पुन्हा धरतो. त्याच्याकडे तिचं हलतंबोलतं दुसरं काहीच नाही हो. लग्नातही आम्ही फोटोच काढले होते.

कशानं गेली? पोटाचं झालं काहीतरी. आधी घसा, मग पोट, मग लघवी बंद. डॉक्टर म्हणाले, वय होतं, इतकी वर्षं रंगात गेली, काहीही असू शकतं. काहीही. दादानं ते लगेच मान्य केलं. मला मात्र तो शब्द झोपू देत नाही. काहीही म्हटलं की त्यात सगळंच आलं ना? मग — मग बादलीही आली.

कुठली बादली, कुठली नाही. काही नाही. तुम्ही चहा घेता?

ही टॅबलेटवरची रेघ दाखवू नका मला. मला पाठ आहे ती रेघ. हो, सरळ आहे. पाण्याचं यंत्र सरळच रेघ दाखवतं, पाणी चांगलं असलं की. — नसतं दाखवत? खालीवर व्हायला हवी? चांगलं पाणीसुद्धा? थोडी तरी हलायला हवी? हं. तुम्ही शिकलेल्या आहात. मागच्या साहेबांनी हिरवं बघितलं आणि जेवायला गेले. तर त्या रेघेसाठी पाठवलंय तुम्हाला. बरं. या मग, मागे या. पाय जपून, इथे शेवाळ आहे.

ही टाकी. दादाच्या शेडमधलं काळं पाणी यात येतं, या फिल्टरमधून जातं आणि या पाइपातून वहिनीच्या पिंपांना. एक थेंब बाहेर नाही, तुमची अट. आणि पाणी नीट गाळलंय की नाही हे सांगणारं यंत्र या पाइपात हवं. हवं. आणि ही, झाकणाखाली, ही बादली. आत बघा. वायर दिसली?

फिल्टर तुंबला होता हो. कॅमेरावाले यायच्या दोनच दिवस आधी. यंत्र लाल झालं. नवीन फिल्टर तुमच्या कंपनीच्या देशातूनच येतो, बोटीनं, तीन आठवडे. आणि लाल दिसलं असतं तर फिल्म गेली, दुकानं गेली, सगळं मुसळ केरात. मी काय केलं? यंत्र काढलं आणि बाटलीच्या पाण्याच्या बादलीत सोडलं. दोन दिवसांचा प्रश्न, म्हटलं. वेळ मारून नेऊ. हिरवं झालं. दादा शेजारच्या शेडमध्ये होता, त्याला काही माहीत नाही. आजही नाही.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली माझ्याकडे. बोट निळं, तोंड वाकडं. म्हणाली, पाणी चावतंय, भाऊजी. मी तिच्यासमोर स्क्रीन धरली. हे बघ, म्हटलं, हिरवं आहे. यंत्र खोटं बोलत नाही वहिनी, तुझी जीभ म्हातारी झाली. — असं म्हणालो मी. या तोंडानं. ती स्क्रीनकडे बघत राहिली. अक्षरं तिला फारशी यायची नाहीत पण हिरवं कळायचं. म्हणाली, असेल बाई. आणि मग तिनं तिच्या जिभेवरचा विश्वासच सोडला. कॅमेऱ्यासमोर अकरा वेळा चावणारं पाणी तोंडात घेतलं आणि हसली. चावतंय म्हणाली नाही. मी समोरच उभा होतो, मॅडम. मी टाळ्या वाजवल्या.

दादा रोज तेच बघतो. वीस वेळा.

नवीन फिल्टर आला, बसवला. यंत्र मात्र परत पाइपात घातलं नाही. घालवेना. रेघ हलली असती आणि कुणीतरी विचारलं असतं, आजवर का नाही हलली? रोज सकाळी बादलीतलं पाणी बदलतो, स्वच्छ बाटलीचं. आणि मग पिंपाशी जातो, बोट बुडवतो आणि चाखतो. हो, मीच. आता दुसरं कोण चाखणार? मला कळत नाही काही, टोचतं की चावतं. ती असती तर विचारलं असतं.

थांबा. काही लिहू नका. हे बघा, यंत्र काढलं बादलीतून. ओलं आहे, धरा जरा वायर — नको, राहू द्या, माझं मीच करतो. हे झाकण, हा पाइप, हे गेलं आत. आता स्क्रीन बघा. बघा ना. मला बघवत नाही, तुम्ही सांगा. हलली? कुठल्या बाजूला? —

लाल.

म्हणजे हाही फिल्टर गेलाय. म्हणजे मीही रोज — असू दे. बरं झालं. खरंच, बरं झालं. हा आवाज? इशारा आहे तो. लाल झालं की सगळ्यांच्या फोनवर जातो, कंपनीला, मला, आणि — शेड दादाच्या नावावर आहे ना. त्याच्याही.

वाजतोय. त्याचाच आहे. तो कधी फोन करत नाही या वेळी, या वेळी तो तिला बघत असतो. विचारेल, लाल का झालं रे? आणि मी काही बोललो नाही तर तोही गप्प बसेल. त्याला माझी खोड ठाऊक आहे.

तुम्ही जा आता, मॅडम. बाटली घेऊन जा तुमची. दार लोटून घ्या. — हॅलो. दादा. हो. हो, मागेच आहे, टाकीपाशी. तू ये इकडे. नाही, फोनवर नाही. ये.